अकरावा इलेक्ट्रॉन

गेल्या रविवारी डाळ उतू गेली. मी फोनवर बोलत होते आणि मीठ-हळद घातलेलं उकळतं पाणी पातेल्याच्या काठावरून थेट बर्नरवर सांडलं. निळी ज्योत भसकन पिवळी झाली. पाचवीतला भाचा धावत आला. "मावशी, हळदीमुळे ना?" टेबलाशी विज्ञानाचं पुस्तक उघडून बसलेली दहावीतली भाची मान वर न करता म्हणाली, "हळद नाही रे, मीठ. सोडिअमची ज्योत पिवळी असते. परीक्षेत येतं."

का असते पिवळी, असं विचारल्यावर मात्र तिने मान वर केली. "असते म्हणजे असते. पाठ आहे मला." पाठ तिला बरंच होतं. 'हलीना की रब से फरियाद' हा क्लासमधून आलेला हिंदी मंत्र म्हणून तिने हायड्रोजनपासून फ्रान्सिअमपर्यंत पहिला गण धडाधड सांगून दाखवला. आवर्तसारणी, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांचा तक्ता, ही तिच्या लेखी ११८ नावांची, चौकटी चौकटींची एक लांबलचक शिक्षा.

मी गॅस बारीक केला. एका चमच्याच्या टोकावर चिमूटभर ओलं मीठ घेतलं आणि ज्योतीत धरलं. पुन्हा तोच पिवळा भडका. हळदीचा संशय मिटला. त्या दुपारी दोघांना जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडून लिहिते आहे. सारणी पाठ करायच्या भानगडीत न पडता सोडिअमचा एकच इलेक्ट्रॉन, अकरावा, हाताशी धरला तरी त्या तक्त्याचा मोठा भाग उलगडतो, हे माझं जुनं मत आहे.

आधी अणूच्या आत डोकावू. डोकावू म्हणते खरी, पण आत बहुतेक जागा रिकामीच आहे. १९०९ मध्ये मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रुदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ वर्खावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण, सोडले. बहुतेक कण वर्ख नसल्यासारखे आरपार गेले. हजारोंतला एखादा मात्र कशावर तरी आपटल्यासारखा मागे फिरला. दोन वर्षं विचार करून १९११ मध्ये रुदरफोर्डने निष्कर्ष मांडला की अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि सगळा धनभार मधल्या एका चिमुकल्या केंद्रकात कोंबलेला आहे. किती चिमुकल्या? सोडिअमचा अणू फुगवून वानखेडेच्या मैदानाएवढा केला, तर त्याचं केंद्रक म्हणजे खेळपट्टीवर पडलेला मोहरीचा दाणा. उरलेल्या मैदानात ऋणभाराचे अकरा इलेक्ट्रॉन.

त्या मोहरीच्या दाण्यात धनभाराचे ११ प्रोटॉन आणि भार नसलेले १२ न्यूट्रॉन असतात. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुअंक, आणि मूलद्रव्याची ओळख ठरते ती फक्त त्यावरून. अकरा असले की सोडिअम, एक वाढला की मॅग्नेशिअम, एक कमी झाला की निऑन. यात घासाघीस नाही. न्यूट्रॉन कमीजास्त चालतात. कार्बनच्या काही अणूंत सहा असतात, काहींत आठ, पण सगळे कार्बनच. त्यांना समस्थानिकं म्हणतात. इलेक्ट्रॉन तर येतात-जातात. प्रोटॉनच्या जवळजवळ १८३६ पट हलका असलेला हा कण वजनात कुठेच मोजला जात नाही, पण रसायनशास्त्र नावाचा सगळा व्यवहार त्याच्याच जिवावर चालतो.

हे अकरा इलेक्ट्रॉन कसेही विखुरलेले नसतात. केंद्रकाभोवती त्यांचे थर असतात, त्यांना कवचं म्हणतात. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. पुस्तकातल्या चित्रात ते रिंगणात फिरताना दाखवतात. ते चित्र खरं नाही. इलेक्ट्रॉन अमुक क्षणी अमुक ठिकाणी आहे असं बोट ठेवून सांगता येत नाही. कुठे सापडायची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. तरीही हिशेबाला ते चित्र चालतं. लोकलच्या डब्यातल्या नकाशात रूळ सरळ रेघांचे असतात, प्रत्यक्षात ते तसे नसतात, पण म्हणून कुणाचं स्टेशन चुकत नाही.

खरी गंमत ऊर्जेची आहे. एसटीचं तिकीट टप्प्याने असतं. दोन टप्प्यांचं मिळेल, तीनचं मिळेल. अडीच टप्प्यांचं द्या म्हटलं तर कंडक्टर तुमच्याकडे बघत बसेल. अणूतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जाही अशी टप्प्याटप्प्याचीच असते, अधलंमधलं काही नाही. गॅसच्या ज्योतीत मीठ पडलं की उष्णतेने त्यातले काही सोडिअम सुटे अणू होतात. त्यांचा सर्वांत बाहेरचा, सर्वांत सैल बांधलेला अकरावा इलेक्ट्रॉन उष्णता खाऊन एक टप्पा वर जातो आणि लगेच खाली येतो. खाली येताना जेवढा फरक तेवढी ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. सोडिअममध्ये हा फरक ठरलेला, म्हणून प्रकाशाचा रंगही ठरलेला: ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा. नेमकं बोलायचं तर ५८९.० आणि ५८९.६ अशा अगदी खेटून असलेल्या दोन रेषा. ज्योत डाळीची असो, प्रयोगशाळेतली असो की रस्त्यावरच्या जुन्या सोडिअमच्या दिव्याची, पिवळ्याचं मूळ तेच. मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे २०१५ मध्ये काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकरांनी आरडाओरड केली होती. ते एका अर्थी अकराव्या इलेक्ट्रॉनसाठीच हळहळत होते.

"पण तोच का उडतो?" भाचीने विचारलं. "बाकीचे दहा का नाही?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याला उत्तर म्हणून मी तिला आकडेच दाखवले. अणूतून एखादा इलेक्ट्रॉन पूर्ण उपटून काढायला जी ऊर्जा लागते तिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. ती इलेक्ट्रॉन व्होल्ट नावाच्या बारीक मापात मोजतात. मापाची व्याख्या आत्ता सोडून द्या, आकडे नुसते शेजारी शेजारी ठेवून बघा. सोडिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ५.१ लागतात. दुसरा काढायला ४७.३. एकदम नऊपट! मॅग्नेशिअमचं बघा: पहिल्याला ७.६, दुसऱ्याला १५, आणि तिसऱ्याला ८०. ॲल्युमिनिअमला ६, मग १८.८, मग २८.४, आणि चौथ्याला थेट १२०. म्हणजे सोडिअममध्ये एकानंतर भिंत लागते, मॅग्नेशिअममध्ये दोनानंतर, ॲल्युमिनिअममध्ये तिनानंतर. कवचं कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत, पण ती आहेत यावर विश्वास बसायला हे आकडे पुरेसे आहेत. निदान मला तरी आवर्तसारणी पटली ती या आकड्यांनी, गाण्यांनी नाही.

भिंत कशामुळे? सोडिअमच्या केंद्रकात अकरा प्रोटॉन आहेत, पण अकराव्या इलेक्ट्रॉनला ते सगळे जाणवत नाहीत. मधे दहा जण उभे आहेत. गर्दीच्या देवळात शेवटी उभं राहिल्यावर मूर्ती जेवढी दिसते तेवढंच त्याला केंद्रक दिसतं. ढोबळमानाने अकरातून दहा वजा, म्हणजे एकाच प्रोटॉनची ओढ. त्यात तो लांबही आहे. आतल्या आठांचं तसं नाही. त्यांच्या आणि केंद्रकाच्या मधे फक्त दोघं, शिवाय अंतर कमी. ते सहजासहजी सुटत नाहीत.

आता हाच हिशेब धरून सारणीच्या तिसऱ्या आडव्या ओळीतून डावीकडून उजवीकडे चालू लागा. आडव्या ओळीला आवर्त म्हणतात. सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन, अरगॉन. दर पावलाला एक प्रोटॉन वाढतो आणि एक इलेक्ट्रॉन. पण नवा इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात जातो, आतले दहा तसेच राहतात. म्हणजे आडोसा फारसा वाढत नाही, ओढ मात्र वाढत जाते. सोडिअमच्या बाहेरच्याला जिथे साधारण एका प्रोटॉनची ओढ होती, तिथे क्लोरीनच्या बाहेरच्या सातांना जवळजवळ सातांची. परिणाम असा की अणू आक्रसतो. सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. प्रोटॉन वाढले, इलेक्ट्रॉन वाढले, वजन वाढलं आणि आकार जवळजवळ निम्म्यावर आला. हे मुलं हमखास चुकतात, कारण जास्त भरलं की जास्त फुगणार हा आपला रोजचा अनुभव. अणू पिशवीसारखा भरत नाही.

डावीकडचे इलेक्ट्रॉन सोडून देणारे म्हणून धातू, उजवीकडचे ओढून घेणारे म्हणून अधातू, आणि मधे सिलिकॉनसारखे धड इकडचे ना तिकडचे. मोबाइलमधली चिप याच काठावरच्या स्वभावावर चालते, पण तो विषय वेगळा.

उभ्या रांगा म्हणजे गण, एकूण अठरा. सोडिअमच्या रांगेत वर लिथिअम, खाली पोटॅशिअम, रुबिडिअम, सिझिअम. सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून स्वभाव सारखा. खाली जावं तसं एकेक कवच वाढतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन आणखी लांब जातो आणि आणखी सैल होतो. लिथिअममधून तो काढायला ५.४ लागतात, सोडिअमला ५.१, पोटॅशिअमला ४.३, सिझिअमला ३.९. कागदावर हे फरक किरकोळ वाटतात. पाण्यात वाटत नाहीत. अकरावीला आमच्या सरांनी रॉकेलच्या बाटलीतून सोडिअमचा तुकडा चिमट्याने काढला, टिपकागदावर टिपला आणि सुरीने कापला. फ्रिजमधल्या लोण्यासारखा कापला गेला. कापलेली बाजू क्षणभर आरशासारखी चकाकली आणि आमच्या डोळ्यांदेखत मळकट झाली. मग त्यातला वाटाण्याहून लहान कण पाण्याच्या परातीत टाकला. तो बुडाला नाही, पाण्याहून हलका असतो. स्वतःच्याच उष्णतेने वितळून गोळी झाली आणि सूं सूं करत ती गोळी पाण्यावर सैरावैरा पळत सुटली. पोटॅशिअमच्या कणाने तर पाण्याला शिवताच जांभळट ज्योतीनिशी पेट घेतला. सिझिअम आम्हाला कुणी दाखवलं नाही आणि ते बरंच झालं. त्याचा पाण्यात स्फोट होतो. (घरी यातलं काहीही करायचं नाही, हे भाच्याला दोनदा सांगितलं, इथे एकदा पुरे.)

तिच्या पुस्तकात एक वाक्य होतं, आणि ते मला कधीच आवडलेलं नाही: अणूला अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायचं असतं. म्हणून म्हणे सोडिअम आपला एक इलेक्ट्रॉन आनंदाने क्लोरीनला देतो. अणूला काहीही करायचं नसतं. हिशेब मांडून बघा. सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१ खर्च. क्लोरीनला तो मिळाल्यावर परत येतात ३.६. म्हणजे दीडचा तोटा! या व्यवहारात नुसती देवघेव झाली असती तर मीठ बनलंच नसतं. फायदा होतो तो पुढे. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडिअम धनभारित, मिळवलेला क्लोरीन ऋणभारित, आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम अशी घट्ट बांधणी होते आणि त्या बांधणीतून दर जोडीमागे साधारण ८ इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात. दीडचा तोटा केव्हाच भरून निघतो. खडे मिठाचा कण भिंगाखाली धरलात तर कोपरे चौकोनी दिसतील. ती या बांधणीचीच सही.

मग दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही? कारण त्याला ४७.३ पडतात, आणि एवढे परत देणारा खडा रसायनशास्त्रात नाही. 'अष्टक' म्हणजे एवढंच: जिथे भिंत लागते तिथे व्यवहार थांबतो.

भाचीने इथे एक छान अडचण काढली. इलेक्ट्रॉन दिल्यावर सोडिअमकडे दहा उरतात, निऑनकडेही दहाच, मग तो निऑन झाला का? नाही झाला. प्रोटॉन अजून अकराच आहेत. मांडणी निऑनची, माणूस सोडिअमच. अक्कलहुशारीने केलेली चूक असली की मला मुलांचा राग येत नाही.

हे सगळं कळायच्या कितीतरी आधी सारणी तयार होती, आणि मला याचं अजून आश्चर्य वाटतं. दिमित्री मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये ती मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन सापडायला २८ वर्षं होती आणि केंद्रकाला ४२. त्याच्या हाताशी होती ६३ मूलद्रव्यं, त्यांची अणुवस्तुमानं आणि त्यांचे गुणधर्म. त्याच्या आधीही लोकांना कुणकुण लागली होती. डोबेरायनरने तीन-तीनचे गट जमवले होते: लिथिअम ७, पोटॅशिअम ३९, आणि त्यांची सरासरी २३ म्हणजे बरोबर सोडिअम. न्यूलँड्सने प्रत्येक आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं हे पाहून सप्तकाची उपमा दिली, सा नंतर सात स्वरांनी पुन्हा सा यावा तशी, आणि लंडनच्या विद्वानांनी त्याची टिंगल केली. मेंडेलीव्हचं धाडस वेगळंच होतं. गुणधर्म जुळेनात तिथे त्याने जागा चक्क रिकाम्या सोडल्या, आणि त्या जागी कोण येणार ते आधीच सांगून टाकलं. ॲल्युमिनिअमच्या खालच्या रिकाम्या जागेला त्याने नाव दिलं 'एका-ॲल्युमिनिअम'.

हो, ते 'एका' आपलंच, संस्कृतातलं. एक घर पुढचा म्हणून एका, दोन घरं पुढचा म्हणून द्वि. यावरून 'आवर्तसारणी मुळात वेदांत होती' असा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर येऊन गेलेला आहे. उपसर्ग संस्कृतचे घेतले एवढंच खरं.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँ या रसायनशास्त्रज्ञाला एक नवा धातू सापडला, गॅलिअम. त्याने घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, तुमचा नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. ज्याने तो धातू जन्मात पाहिला नव्हता त्याने, ज्याच्या हातात तो होता त्याला सांगितलं! ब्वाबोद्राँने पुन्हा शुद्ध करून मोजला आणि घनता ५.९ भरली. मग १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम येऊन आपापल्या रिकाम्या खुर्चीत बसले. गॅलिअम २९.८ अंशाला वितळतो. तळहातावर ठेवला की पाणी होतं. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात त्याला तळहाताचीही गरज पडणार नाही.

मेंडेलीव्हची एक गोष्ट मात्र अडत होती. त्याची ओळ अणुवस्तुमानाप्रमाणे होती, आणि आयोडीन टेल्युरिअमपेक्षा हलकं. वजनाने आयोडीन आधी यायला हवं, गुणधर्मांनी नंतर. मेंडेलीव्हने गुणधर्मांवर भरवसा ठेवून जागा बदलल्या आणि टेल्युरिअमचं वजन चुकीचं मोजलं असेल असं म्हटलं. वजन चुकीचं नव्हतं. नियमच थोडा चुकला होता. १९१३ मध्ये हेन्री मोजले या इंग्रज तरुणाने एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजले, तेव्हा कळलं की खरा क्रम वजनाचा नाही, केंद्रकातल्या धनभाराचा आहे. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३. गुंता सुटला. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९१५ मध्ये, मोजले पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला गोळी लागून मेला. वय २७.

ओळींच्या लांबीबद्दल थोडक्यात सांगते, कारण खोलात गेलं तर पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) शिरावं लागेल. सातही आवर्तं मोजली तर २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी लांबी येते. बेरीज करा, ११८. कवचांची क्षमता मात्र २, ८, १८, ३२ अशी आहे. मग तिसऱ्या ओळीत आठच का? कारण तिसरं कवच पुरं भरायच्या आधीच चौथ्याची पहिली जागा स्वस्तात पडते. पोटॅशिअमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्यात जागा असूनही चौथ्यात जाऊन बसतो, कॅल्शिअमचा विसावाही तसाच. मागे राहिलेल्या तिसऱ्यातल्या दहा जागा मग स्कँडिअमपासून जस्तापर्यंतची दहा मूलद्रव्यं भरतात. लोखंड, तांबं, निकेल ही आपली ओळखीची मंडळी त्यातलीच. ती एकमेकांसारखी वागतात, कारण त्यांची भर बाहेर न पडता आतल्या कवचात पडते. अगदी तळाशी, जड अणूंमध्ये, हा सुबक नमुना उसवू लागतो. सोन्याचा पिवळेपणा आणि पाऱ्याचा पातळपणा या साध्या हिशेबातून निघत नाही, तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेला बोलवावं लागतं.

आणि राहिला हेलिअम, सारणीतल्या वरच्या उजव्या कोपऱ्यातला. त्याच्याकडे दोनच इलेक्ट्रॉन. बाहेरच्या कवचात दोन असलेले मॅग्नेशिअम, कॅल्शिअम दुसऱ्या गणात बसतात, मग हा अठराव्यात का? कारण पहिल्या कवचाची मर्यादाच दोन. त्याचं घर भरलेलं आहे. एक इलेक्ट्रॉन काढायला २४.६ लागतात, कुठल्याही मूलद्रव्यापेक्षा जास्त. त्यामुळे तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, आणि म्हणून पृथ्वीवर कुणाच्या लक्षातही आला नव्हता. तो आधी सूर्यावर सापडला, तोही एका पिवळ्या रेषेमुळे.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला तळ ठोकून होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांच्या प्रकाशाच्या सुट्या केलेल्या रंगांत, पिवळी रेषा दिसली आणि निरीक्षकांना ती सोडिअमचीच वाटली. आपल्या डाळीच्या ज्योतीतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, नॉर्मन लॉकयर या खगोलशास्त्रज्ञाने त्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. पिवळी रेषा सोडिअमच्या जोडरेषेवर बसेना. ती किंचित सरकलेली होती, ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरच्या आसपास फरक! टप्पा वेगळा म्हणजे अणू वेगळा. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलिअम म्हटलं गेलं, आणि पृथ्वीवर तो रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाला एका युरेनिअमच्या खनिजात मिळाला, थेट १८९५ मध्ये.

कोकणातल्या वाचकांच्या भुवया आता वर गेल्या असतील. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत, आणि लॉकयरने १८६८ चं ग्रहण तिथूनच पाहून हेलिअम शोधला असं सांगितलं जातं; १८ ऑगस्टला तिथे हेलिअम दिन साजरा होतो. लॉकयर विजयदुर्गाला आला होता हे खरंच आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ब्रिटिश नौदलाचे खलाशी मदतीला घेऊन. तोवर हेलिअमला नाव मिळून तीस वर्षं होत आली होती. मला यात किल्ल्याची शान कमी झाल्यासारखं वाटत नाही. ज्याने ती रेषा ओळखली तो माणूस तिथे उभा होता, एवढं पुरे.

संध्याकाळी मुलांना आणखी एक हुक्की आली. आईला रक्तदाबामुळे डॉक्टरांनी लो सोडिअम मीठ सांगितलं आहे. पाकिटावर वाचलं तर त्यात काही भाग पोटॅशिअम क्लोराइड. सोडिअमच्या जागी पोटॅशिअम चालतो कारण तो त्याच रांगेत लगेच खाली आहे. चव थोडी कडसर लागते, पण काम भागतं. (मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, जास्तीचा पोटॅशिअम त्यांच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही.) पोटॅशिअमची ज्योत जांभळी, म्हणजे या मिठाची ज्योत जांभळट यायला हवी, असं भाचीचं अनुमान. चमचा ओला केला, मीठ घेतलं, ज्योतीत धरलं.

पिवळी. रखरखीत पिवळी.

"फसवलं कंपनीने," भाचा म्हणाला.

कंपनीने नाही. त्या मिठात सोडिअम होताच, आणि सोडिअमचा पिवळा इतका दांडगा की शेजारची फिकट जांभळी ज्योत तो गिळून टाकतो. प्रयोगशाळेत अशा वेळी कोबाल्टच्या निळ्या काचेतून बघतात. ती काच पिवळा अडवते आणि जांभळा येऊ देते. हे ऐकल्याबरोबर दोघं स्टूल घेऊन माळ्यावर चढली. आजीची गुलाबपाण्याची एक जुनी निळी बाटली वर कुठेतरी आहे म्हणे. गॅस मी अजून चालूच ठेवला होता, आणि आई विचारत होती की आज जेवायला काही मिळणार आहे का.